ग्राहकाच्या जागी नेण्याचे फिरते नेटवर्क: मुंबईतील तंत्रज्ञांसाठी साहित्य, पूर्वतयारी आणि कामाचा क्रम

एखाद्या कार्यालयातून ‘नेट चालत नाही’ असा फोन येतो, तेव्हा दोष नेमका कोणाचा हे सहसा कोणालाच ठाऊक नसते. इंटरनेट पुरवठादार सांगतो की आमची लाइन व्यवस्थित आहे, केबल टाकणारा कंत्राटदार राउटरकडे बोट दाखवतो, राउटर विकणारा केबलकडे, आणि ज्याचे बिलिंग खोळंबले आहे तो ग्राहक तंत्रज्ञाच्या तोंडाकडे पाहत राहतो. अशा वेळी नुसत्या अनुभवाच्या जोरावर दिलेले मत कोणी मान्य करत नाही, दोष दाखवून द्यावा लागतो. त्यासाठी तंत्रज्ञाकडे स्वतःचे एक छोटे, पूर्ण ओळखीचे नेटवर्क असावे लागते. बॅगेतली प्रत्येक वस्तू निर्दोष असल्याची खात्री घरीच केलेली असेल, तर ग्राहकाच्या एकेका वस्तूच्या जागी आपली वस्तू लावून पाहत दोषापर्यंत पोहोचता येते. पुढे सांगितलेले सर्व साहित्य याच एका कसोटीवर निवडलेले आहे, आणि जे या कसोटीला उतरत नाही ते कितीही आकर्षक असले तरी घरी ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईत या निवडीला आणखी एक मर्यादा पडते. सकाळी अंधेरीच्या एमआयडीसीत, दुपारी फोर्टमधल्या जुन्या दगडी इमारतीत आणि संध्याकाळी मुलुंडच्या एखाद्या सोसायटीत असा दिवस असेल, तर सर्व साहित्य लोकलच्या गर्दीत पाठीवर, किंबहुना छातीशी धरून न्यावे लागते. म्हणून पाच-सहा किलोंच्या आत बसणारी एकच बॅग हे उद्दिष्ट ठेवावे.

लॅपटॉप आणि त्याची जोडणी

लॅपटॉप फार शक्तिशाली नसला तरी चालेल, मात्र त्यावर ॲडमिन अधिकार असलेच पाहिजेत. कंपनीच्या लॅपटॉपवर आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलण्याचीही परवानगी नसेल, तर जागेवर जाऊन हात बांधल्यासारखी अवस्था होते. पातळ लॅपटॉपना आता इथरनेटचे पोर्ट नसते, त्यामुळे यूएसबी ते गिगाबिट इथरनेट अडॅप्टर लागतो. असे दोन अडॅप्टर ठेवावेत आणि ते वेगवेगळ्या चिपचे घ्यावेत, उदाहरणार्थ एक रिअलटेकच्या आरटीएल८१५३ चिपचा आणि दुसरा एएसआयएक्सच्या एएक्स८८१७९ चिपचा. एकाचा ड्रायव्हर रुसला तर दुसरा हाताशी राहतो आणि दोष ग्राहकाच्या केबलचा की आपल्या अडॅप्टरचा, या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळते. दोन्हींचे ड्रायव्हर लॅपटॉपवर आधीच उतरवून ठेवावेत, कारण ज्या जागी इंटरनेट बंद आहे तिथे ते उतरवता येणार नाहीत.

रीसेट केलेली उपकरणे ठरावीक पत्त्यांवर भेटतात. घरगुती राउटर बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ वर, मायक्रोटिक १९२.१६८.८८.१ वर, युबिक्विटीचे बिनतारी पूल (दोन जागा केबलशिवाय जोडणारी उपकरणे) १९२.१६८.१.२० वर आणि दाहुआचे कॅमेरे १९२.१६८.१.१०८ वर. विंडोजमध्ये एकाच नेटवर्क कार्डला अनेक स्थिर आयपी देता येतात, तेव्हा या प्रत्येक मालिकेतला एकेक पत्ता कमी वापराच्या अडॅप्टरवर कायमचा नोंदवून ठेवावा. चाचणी करताना लॅपटॉपचे वाय-फाय बंद करण्याची सवय लावून घ्यावी. ते चालू राहिले तर केबल बंद असतानाही पिंगला उत्तर येत राहते आणि अर्धा तास चुकीच्या दिशेने जातो.

व्यवस्थापित स्विच आणि फायरवॉलसाठी कन्सोल केबल (उपकरणाच्या मांडणीत थेट शिरण्यासाठीची) हवी, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला आरजे-४५ असलेली. एफटीडीआय चिपची केबल थोडी महाग पडते, पण स्वस्त केबलींमधील नकली चिप अनेकदा नव्या ड्रायव्हरकडून नाकारली जाते आणि तेव्हा समोर चालू असलेला स्विचही मुका वाटतो. बहुतेक स्विचसाठी वेग ९६००, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही आणि एक स्टॉप बिट ही मांडणी चालते. काही नव्या उपकरणांना ११५२०० हा वेग लागतो, म्हणून पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसू लागली तर प्रथम वेग बदलून पाहावा.

खिशात मावणारा राउटर

संपूर्ण संचात सर्वांत उपयोगी वस्तू कोणती, असे विचारले तर मी प्रवासी राउटरचे नाव घेईन, आणि म्हणूनच त्याच्या पूर्वतयारीवर सर्वाधिक वेळ द्यावा असे सुचवेन. जीएल-आयनेटसारख्या कंपन्यांचे ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त राउटर-सॉफ्टवेअरवर आधारलेले छोटे राउटर साबणाच्या डबीएवढे असतात आणि अनेक मॉडेल ५ व्होल्टच्या यूएसबी-सीवर चालतात. घेताना किमान दोन इथरनेट पोर्ट आहेत का, पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने होणारी इंटरनेट जोडणी), स्थिर आयपी, व्हीलॅन टॅग (एकाच केबलवरील वेगळी नेटवर्क ओळखण्याची खूण) आणि मॅक ॲड्रेस (उपकरणाचा ओळख क्रमांक) बदलण्याची सोय आहे का, आणि यूएसबीने जोडलेल्या मोबाइलवरून इंटरनेट घेता येते का, हे पाहावे.

राउटर हाती आला की घरीच पुढील क्रमाने तयारी करावी. प्रथम फर्मवेअर अद्ययावत करावे, ॲडमिन पासवर्ड बदलावा आणि बाहेरच्या बाजूने राउटरमध्ये शिरण्याची सोय बंद असल्याची खात्री करावी. त्यानंतर आतल्या नेटवर्कची आयपी मालिका बदलावी. कारखान्यातून आलेली १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.८ ची मालिका ग्राहकाकडेही असू शकते, आणि राउटरच्या दोन्ही बाजूंना एकच मालिका आली की तो कोणते पाकीट (डेटाचा तुकडा) कुठे पाठवायचे हे ठरवू शकत नाही. १७२.२७.८३.० अशी सहसा कोणी न वापरणारी मालिका घेतली तर ही अडचण टळते. शिवाय लॅपटॉपवर १७२.२७.८३ ने सुरू होणारा पत्ता दिसला की आपण आपल्याच राउटरमागे आहोत, हेही एका नजरेत कळते. वाय-फायला स्वतःचे वेगळे नाव आणि मजबूत पासवर्ड द्यावा, आणि सर्व मांडणी झाल्यावर तिचा बॅकअप लॅपटॉपवर घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. या राउटरचे लॅन पोर्ट ग्राहकाच्या स्विचमध्ये किंवा भिंतीतल्या सॉकेटमध्ये कधीही जोडू नये. त्या पोर्टवर आपला डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणारी सेवा) चालू असतो, त्यामुळे ग्राहकाच्या नेटवर्कात पत्ते वाटणारे दोन सर्व्हर तयार होतात. सुरुवातीला काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही. मग ज्या संगणकाची पत्त्याची मुदत संपते किंवा जो नव्याने सुरू होतो, त्यातला एखादा आपल्या राउटरकडून पत्ता घेतो, आणि त्याला कार्यालयातला टॅलीचा सर्व्हर किंवा प्रिंटर सापडेनासा होतो. काही मशीन चालतात, काही चालत नाहीत, आणि तंत्रज्ञ निघून गेल्यावरही काही काळ हा घोळ राहतो. यावर साधा उपाय म्हणजे लॅन पोर्टवर लाल चिकटपट्टी लावणे आणि त्यात केवळ आपलाच लॅपटॉप जोडणे.

मुंबईत स्थानिक केबलवाल्यांमार्फत येणाऱ्या जोडण्यांमध्ये दोन गोष्टी हमखास आडव्या येतात. पहिली पीपीपीओई. ग्राहकाचा राउटर काढून आपला लावायचा असेल, तर त्याचे यूजरनेम आणि पासवर्ड लागतात, आणि बहुतेक ग्राहकांना ते माहीत नसतात. निघण्यापूर्वीच फोन करून ते पुरवठादाराकडून मागवून ठेवायला सांगावे. दुसरी मॅक बाइंडिंग. पुरवठादाराने जुन्या राउटरचा मॅक ॲड्रेस नोंदवून ठेवलेला असेल, तर नव्या राउटरला अचूक पासवर्ड देऊनही जोडणी होत नाही. ग्राहकाची संमती घेऊन त्याच्या राउटरखालचा मॅक ॲड्रेस चाचणीपुरता आपल्या राउटरवर घ्यावा, मात्र त्या वेळी ग्राहकाचा राउटर बंद असला पाहिजे. जुने सत्र पुरवठादाराच्या बाजूला काही मिनिटे जिवंत राहते, त्यामुळे लगेच जोडणी झाली नाही तर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा.

जोडणी झाल्यावर राउटरला बाहेरच्या बाजूने कोणता पत्ता मिळाला ते पाहावे. तो १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतला असेल, तर पुरवठादाराने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलेले आहे. अशा लाइनवर सीसीटीव्ही बाहेरून पाहण्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती आतल्या उपकरणाकडे वळवणे) कितीही वेळा केले तरी चालणार नाही. ग्राहकाला स्थिर सार्वजनिक आयपी घ्यावा लागेल, किंवा एनव्हीआरची (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्राची) क्लाउड सेवा अथवा व्हीपीएन वापरावे लागेल. एवढी एक गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत तपासली तर कित्येक फेऱ्या वाचतात.

छोटा स्विच आणि पीओई

पाच पोर्टचा, वेबवरून व्यवस्थापित होणारा गिगाबिट स्विच पुरेसा आहे. त्याचे खरे काम पोर्ट मिररिंगचे. ग्राहकाचे उपकरण आणि भिंतीतले सॉकेट यांच्या मध्ये हा स्विच लावायचा आणि पहिल्या पोर्टवरची सर्व वाहतूक पाचव्या पोर्टवर पाठवून लॅपटॉपवरच्या वायरशार्क या प्रोग्रॅममध्ये पाहायची. आयपी फोनला पत्ता का मिळत नाही, प्रिंटर कोणाला हाका मारतो आहे, हे इथे प्रत्यक्ष दिसते. मिररिंगची मांडणी घरीच करून स्विचच्या पाठीवर लेबल चिकटवावे. एखाद्या जागी व्हीलॅनचे प्रयोग केले असतील, तर निघण्यापूर्वी स्विच मूळ मांडणीवर आणावा, नाहीतर पुढच्या ग्राहकाकडे तोच निर्दोष न राहिलेला दुवा ठरतो.

कॅमेरे आणि ॲक्सेस पॉइंटसाठी (वाय-फाय पसरवणाऱ्या उपकरणांसाठी) एक पीओई इंजेक्टर, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज पुरवणारे उपकरण, घ्यावा, शक्यतो ८०२.३एटी प्रकाराचा. ८०२.३एएफमध्ये पोर्टवर १५.४ वॅट मिळतात आणि केबलमधील घट धरून उपकरणाला १२.९५ वॅटची हमी असते. एटीमध्ये हेच आकडे ३० आणि २५.५ वॅट आहेत. हे दोन्ही प्रकार समोरच्या उपकरणाशी आधी संवाद साधून मगच वीज सोडतात. जुन्या बिनतारी पुलांसोबत येणारे २४ व्होल्टचे पॅसिव्ह इंजेक्टर मात्र कोणतीही विचारपूस न करता वीज सोडतात. त्यामुळे असा इंजेक्टर चुकून लॅपटॉपच्या अडॅप्टरला जोडला तर अडॅप्टर जळू शकतो. अशा इंजेक्टरला वेगळ्या रंगाची पट्टी लावून वेगळ्या पिशवीत ठेवावे.

केबल आणि तिची तपासणी

कार्यालयांतल्या तक्रारींचे मूळ केबलमध्ये सापडण्याचे प्रमाण फार मोठे असते, आणि तिथेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. लॅपटॉप सॉकेटला जोडल्यावर प्रथम लिंकचा वेग वाचावा. दोन्ही टोकांना गिगाबिट उपकरणे असताना १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस दिसत असेल, तर बहुधा चारपैकी एखादी जोडी तुटलेली आहे, कारण १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ या चार तारा पुरतात आणि गिगाबिटला आठही लागतात. टेबलाच्या पायाखाली चेपलेली केबल पाहा. बाहेरचे आवरण जेमतेम चपटे झालेले असते, बोट फिरवले तरच खळगा जाणवतो, आतली तपकिरी किंवा निळी तार मात्र तुटलेली असते. नेट ‘चालते’, पण तीनशे एमबीपीएसचा प्लॅन घेतलेल्या ग्राहकाला नव्वदच्या पुढे वेग मिळत नाही आणि तो पुरवठादाराशी भांडत बसतो.

आठ दिव्यांचा साधा लॅन टेस्टर ठेवावाच, परंतु त्याची मर्यादा ओळखून. तो तार एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग आहे एवढेच सांगतो. कारागिराने रंगांचा क्रम न पाळता दोन्ही टोकांना सारखेच पंचिंग केले असेल, तर आठही दिवे क्रमाने लागतात, पण जोड्या फुटलेल्या असल्यामुळे लांब केबलवर पाकिटे गळू लागतात. म्हणून कनेक्टरमधून रंग डोळ्यांनी पाहावेत. ५६८बी या मानकाप्रमाणे क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. केबलच्या कापलेल्या टोकाची तारही ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढुरका धातू दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनिअम आहे. अशी केबल लांब अंतरावर आणि पीओईसाठी भरवशाची नसते, आणि ग्राहकाला हे लेखी कळवणे तंत्रज्ञाचे कर्तव्य आहे.

बॅगेत स्वतःच्या तपासलेल्या पॅच कॉर्ड तीन लांबीच्या असाव्यात. एक मीटर, तीन मीटर आणि माळ्यावरच्या स्विचपासून खालच्या टेबलापर्यंत पोहोचणारी पंधरा मीटरची. त्यांचा रंग ग्राहकाकडे सहसा न आढळणारा, उदाहरणार्थ गुलाबी, निवडला तर निघताना त्या मागे राहत नाहीत. यांशिवाय क्रिम्पिंग टूल, पंचिंग टूल, कनेक्टर, दोन कपलर आणि केबल शोधणारा टोनर पुरे. गिरगाव किंवा फोर्टमधल्या जुन्या इमारतींत नेटवर्कची केबल आणि विजेची वायरिंग एकाच पट्टीतून गेलेली आढळते. तिथे हात घालण्यापूर्वी न टेकता वीज ओळखणारा टेस्टर अवश्य फिरवावा. रॅकला हात लावताच मुंग्या येत असतील, तर अर्थिंगचा दोष आहे हे समजून इलेक्ट्रिशियन येईपर्यंत काम थांबवावे.

लॅमिंग्टन रोड, म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळचा डॉ. भडकमकर मार्ग, आणि वायरींसाठी लोहार चाळ ही खरेदीची ठिकाणे मुंबईकर तंत्रज्ञांना सांगायला नकोत. तिथे जाताना लॅपटॉप आणि अडॅप्टर सोबत न्यावेत आणि प्रत्येक पॅच कॉर्डवर गिगाबिट लिंक लागते का, हे काउंटरवरच पाहून घ्यावे.

फायबरसाठी फक्त मोजमाप

फायबर घरापर्यंत आल्यामुळे छोटा ऑप्टिकल पॉवर मीटर आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. जीपॉनमध्ये (घरोघरी फायबर पोहोचवण्याच्या पद्धतीत) घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो, त्यामुळे मीटर त्या तरंगलांबीवर ठेवावा. प्रचलित बी-प्लस वर्गात ओएनटीला (घरात फायबर जिथे संपते त्या डबीला) किमान उणे २७ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचे एकक) प्रकाश लागतो, तेव्हा उणे २६ दिसत असेल तर लाइन आज चालली तरी उद्या पावसात बंद पडू शकते, हे ग्राहकाला सांगता येते. हिरव्या आणि निळ्या कनेक्टरच्या टोकांचा कोन वेगळा असतो, ते एकमेकांत जोडू नयेत. टोक साफ करणारे पेन ठेवावे. फायबरच्या टोकात डोळ्याने कधीही पाहू नये, कारण हा प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला इजा करू शकतो. मोजमाप करून पुरवठादाराला आकडा कळवावा, त्याच्या जोडणीची कापाकापी करू नये.

वीज, रेंज आणि फाइली

वीस हजार एमएएचची, पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) असलेली पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-तासांची असते आणि प्रवासी राउटर तीवर दिवसभर सहज चालतो. ग्राहकाच्या ओएनटीचा अडॅप्टर खराब असल्याची शंका असेल, तर १२ व्होल्ट देणारी पीडी ट्रिगर केबल उपयोगी पडते. मात्र पीडीच्या ठरलेल्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० व्होल्टच्या आहेत, १२ व्होल्ट ऐच्छिक आहे. आपली पॉवर बँक ते खरोखर देते का, हे मल्टिमीटरने घरी मोजावे, आणि जोडण्यापूर्वी ओएनटीवरील व्होल्ट व पिनची धन-ऋण बाजू वाचावी. सर्व्हर रूममध्ये आणखी एक अडचण येते. रॅकच्या पट्टीवर आपल्या तीन पिनी प्लगला जागाच नसते, तिथे सी-१३ प्रकारची सॉकेट असतात. सी-१४ प्लग एका टोकाला आणि भारतीय सॉकेट दुसऱ्या टोकाला असलेली हातभर लीड तिथे मोठे काम करते. भिंतीत केवळ १६ अँपिअरचे सॉकेट असेल, तर ६ अँपिअरचा कन्व्हर्टर लागतो.

मोबाइलमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवावीत. तरीही बीकेसी किंवा लोअर परळच्या टॉवरच्या तळघरात रेंज मिळेल असे गृहीत धरू नये. उपकरणांची मॅन्युअल, फर्मवेअर, टीएफटीपी सर्व्हर (फर्मवेअर चढवण्यासाठी), पुटी (कन्सोलसाठी), वायरशार्क आणि आयपर्फ३ (वेग मोजण्यासाठी) हे सारे लॅपटॉपवर आधीच असावे. ग्राहकांच्या मांडणीच्या फाइली मात्र कूटबद्ध डिस्कवरच ठेवाव्यात. त्यांत पासवर्ड असतात, आणि लोकलमध्ये हरवलेला उघडा पेन ड्राइव्ह म्हणजे एखाद्या दवाखान्याचे किंवा पेढीचे दार उघडे टाकण्यासारखे आहे.

पावसाळ्यात बॅगेवरचे आवरण पुरत नाही. लॅपटॉप, राउटर आणि मीटर आतून वेगळ्या जलरोधक पिशव्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत. मोठ्या इमारतींच्या फाटकावर नोंदीचा प्रश्न येतो. वॉचमन लॅपटॉप लिहून घेतो, पण स्विच आणि राउटर लिहायचे राहतात आणि बाहेर पडताना तेच अडवले जातात. सर्व वस्तूंची नावे आणि सिरिअल नंबर असलेली छापील यादी ठेवावी आणि आत जातानाच तिच्या एका प्रतीवर शिक्का घ्यावा.

जागेवर पोहोचल्यावर

हात लावण्यापूर्वी रॅकचे आणि राउटरच्या मागच्या जोडण्यांचे फोटो काढावेत, आणि लाइन किती वेळ बंद ठेवता येईल हे जबाबदार व्यक्तीला विचारून घ्यावे. मग बाहेरून आत यावे. ओएनटीचा प्रकाश मोजावा. आपली पॅच कॉर्ड, आपला राउटर आणि आपला लॅपटॉप एवढेच लाइनवर लावून वेग घ्यावा. इथेच वेग मिळत नसेल, तर दोष लाइनचा किंवा ओएनटीचा आहे आणि ग्राहकाच्या आतल्या वायरिंगला हात लावण्याचे कारण नाही. वेग मिळाला तर ग्राहकाचा राउटर परत लावावा, नंतर त्याची केबल, मग त्याचा स्विच, असा एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर आकडा लिहावा. दोन बदल एकदम केले की कोणत्या बदलाने फरक पडला हे सांगता येत नाही.

प्रत्येक टप्प्यावर पिंगही त्याच क्रमाने घ्यावे, आधी गेटवेला (राउटरला), मग ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला, शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. गेटवेच उत्तर देत नसेल तर दोष आतला आहे. पत्त्याला उत्तर येते पण नावाला येत नसेल तर डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) तपासावे. काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्धवट अडकतात, अशी तक्रार पीपीपीओईवर असेल, तर पाकिटाचे तुकडे न करण्याची सूचना देऊन १४६४ बाइटचे पिंग पाठवावे. त्यात शीर्षकाचे २८ बाइट मिळवले की पीपीपीओईची १४९२ बाइटची मर्यादा होते. हे पिंग जात नसेल, तर राउटरवरील एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) कमी करावा.

वाय-फायकडे सर्वांत शेवटी वळावे. आधी आयपर्फ३ ने केबलवरून मोजावे, गिगाबिटवर सुमारे ९४० एमबीपीएस मिळाले पाहिजेत, आणि मग तेच वाय-फायवरून. टॉवरमधल्या एखाद्या सदनिकेत २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांची इतकी नेटवर्क दिसतात की १, ६ आणि ११ यांपैकी कोणताही चॅनल मोकळा सापडत नाही. तिथे चॅनल बदलत बसण्यापेक्षा उपकरणे ५ गिगाहर्ट्झवर न्यावीत. २०१८ मध्ये भारतात या पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त झाल्यामुळे तिथे चॅनल पुष्कळ आहेत. जुन्या इमारतींच्या जाड भिंती मात्र ५ गिगाहर्ट्झ अडवतात, आणि तिथे दुसऱ्या खोलीत केबल नेऊन ॲक्सेस पॉइंट लावणे हाच खरा उपाय आहे. रिपीटर विकून वेळ मारून नेऊ नये.

काम संपल्यावर फोटोंशी ताडून सर्व जोडण्या पूर्ववत कराव्यात आणि मोजलेले आकडे अहवालात लिहून ग्राहकाची सही घ्यावी. आपल्या राउटरमधले ग्राहकाचे पीपीपीओईचे यूजरनेम, पासवर्ड आणि घेतलेला मॅक ॲड्रेस तिथेच पुसावेत, म्हणजे घरी घेतलेला बॅकअप पुन्हा चढवावा. लॅपटॉपच्या मुख्य अडॅप्टरचा आयपी आपोआप मिळवण्याच्या मांडणीवर आणावा. गुलाबी केबली मोजून बॅगेत टाकाव्यात आणि फाटकावर शिक्का मारलेली यादी दाखवून बाहेर पडावे.